एका जागेची दीडशे वर्षे : एम्प्रेस मिल ते एम्प्रेस मॉल

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहावयाचे तर विषय आपल्याच गावचा असावा, असा एक संकेत आहे. आम्ही तो थोडासा मोडीत आहोत. हा लेख आम्ही नव्या रायपुरात बसून लिहीत असलो, तरी ज्या जागेची हकीकत येथे सांगावयाची आहे ती जागा येथून पश्चिमेस सुमारे तीनशे किलोमीटरवर, नागपुरात, गांधीसागर तलावाच्या काठी आहे. तथापि नागपूर हे रायपूरकर मराठी माणसाला परगाव कधी वाटलेच नाही. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास आले तेव्हापासून या मुलखाचा दोर नागपूरच्या खुंट्याला बांधलेला होता. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे रायपूरच्या माणसाचे कचेरीचे, कोर्टाचे नि कॉलेजचे काम नागपुरासच होत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने हा दोर कापला. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि आपली राजधानी भोपाळला गेली. २००० साली छत्तीसगढ राज्य झाले, २०१२ साली मंत्रालयही नव्या रायपुरात आले. अशा रीतीने राजधानी आमच्या दारात आली खरी, पण खरेदी नावाची गोष्ट नागपुरातच राहिली.

हे वाक्य तरुण वाचकांना कदाचित पटणार नाही. रायपुरात काय मिळत नाही, असे ते विचारतील. मिळते, सारे मिळते. जन्मापासून मरणापर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू गोलबाजारात मिळते असे म्हणण्याची या गावात पद्धतच आहे आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. हळद-कुंकू, जडीबुटी, तांब्या-पितळेची भांडी, लग्नातील बाशिंगे, तिरडीचे सामान, सारे शे-दोनशे पावलांच्या आत. परंतु लग्नाचा शालू, मुंजीचे सोवळे, नऊवारी पातळ आणि दिवाळीचा मोठा बस्ता यांसाठी आपल्या घरांतील वडीलधारी माणसे गाडीत बसत ती नागपूरचीच. दुर्ग, राजनांदगाव मागे पडे, डोंगरगढच्या बम्लेश्वरीला खिडकीतूनच हात जोडले जात, दरेकशाचा बोगदा ओलांडला की घरातील कोणी तरी हमखास म्हणे, "आता आपली हद्द लागली." पुढे गोंदिया, भंडारा रोड आणि मग इतवारी. महाल, इतवारी, सीताबर्डी ही नावे आपल्या मुलांना शाळेतील भूगोलाच्या आधी ठाऊक झाली, ती अशी.

या खरेदीच्या यात्रेत एक नवे दैवत २०१० च्या आसपास सामील झाले. त्याचे नाव एम्प्रेस मॉल.

आज त्याची आठवण सांगू लागलो की आपल्यापैकी पुष्कळांना हसू येते, कारण इतक्या अलीकडच्या वास्तूविषयी कोणी हळवे व्हावे हेच विचित्र वाटते. देवळाविषयी, वाड्याविषयी, शाळेविषयी माणूस हळवा होतो, हे समजण्याजोगे आहे. पण भाड्याने दिलेल्या गाळ्यांच्या, काचेच्या आणि थंड हवेच्या इमारतीविषयी? तरीही ते हळवेपण खोटे नाही. सीताबर्डीच्या गर्दीत घामाघूम झालेली मंडळी दुपारी तेथे शिरत आणि पहिल्या थंड झुळकेसरशी मुलांच्या तोंडून जो उद्गार निघे, तो आम्हांस अजून ऐकू येतो. सरकत्या जिन्यापाशी एखादी आत्या पाऊल उचलून तशीच उभी राही, मागची रांग खोळंबे, अखेर दोघी भाच्या तिला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आणि वर पोहोचल्यावर तीच आत्या, "पुन्हा एकदा खाली जाऊन येऊ या का?" असे विचारी. पुरुषमंडळी कठड्याला रेलून खालची वर्दळ पाहत. पिशवीत इतवारीहून घेतलेला माल असे आणि हातात मॉलमधील फक्त आइस्क्रीम. विकत काही घेतले नाही म्हणून कोणी हटकीत नसे. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व लहान नाही. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ साली क्रॉसरोड्स नावाचा मॉल उघडला, तेव्हा आरंभी गर्दी आवरण्यासाठी मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच, नाही तर पैसे भरून आत सोडण्याची पद्धत होती. दहा-अकरा वर्षांत नागपूरपर्यंत येता येता हा दरवाजा सर्वांना उघडा झाला होता.

पण आम्हांस त्या जागेची खरी ओळख करून दिली ती आमच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांची तरुणपणाची वर्षे एम्प्रेस मिलच्या रिंग खात्यात गेली होती. त्यांना प्रथम मॉल दाखवावयास नेले तेव्हा ते दुकाने पाहीनात. मधल्या मोकळ्या चौकात उभे राहून वर छताकडे, मग तलावाच्या दिशेकडे पाहत त्यांनी बोटाने हवेत काही रेघा ओढल्या. "इथे साचे खाते असावे. नाही, थोडे पुढे," असे स्वतःशीच म्हणत त्यांनी पंधरा-वीस पावले मोजली आणि एका बुटांच्या दुकानापुढे थांबले. दुकानातला मुलगा अदबीने पुढे आला, "काय दाखवू, काका?" काकांनी मान हलवली आणि ते आम्हांस म्हणाले, "ह्या जागेवर उभा राहून मी तीन पाळ्या केल्या आहेत. तेव्हा इथे बोललेले ऐकू येत नसे."

त्या दिवशी परतीच्या गाडीत त्यांनी जे सांगितले आणि त्यानंतर आम्ही जे वाचले, ते आता थोडे विस्ताराने सांगतो.

आजच्या गांधीसागराचे जुने नाव जुम्मा तलाव अथवा शुक्रवारी तलाव. जुम्मा म्हणजेच शुक्रवार, तेव्हा दोन भाषांत नाव एकच. त्याच्या काठची जमीन दलदलीची होती. १८७४ साली जमशेटजी टाटांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी पंधरा लाख रुपये भांडवलावर स्थापन केली आणि गिरणीसाठी ही जागा निवडली, तेव्हा शहाण्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले. गिरणी काढावी तर मुंबईत, असा त्या काळचा पाठ होता. जमशेटजींचे गणित निराळे होते. वऱ्हाड-नागपूरचा कापूस दारात, वरोऱ्याचा कोळसा हाताशी, रेल्वे गावात आलेली आणि सुताला गिऱ्हाईक असलेले विणकर भोवती. मग कापूस मुंबईस न्यावा आणि सूत परत आणावे कशाला? नागपूरच्या एका मारवाडी सावकाराने, हा गृहस्थ जमिनीत खड्डे खणून सोने पुरीत आहे, असे म्हणून कर्ज नाकारल्याची गोष्ट टाटांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. पुढे त्याच सावकाराने कबूल केले, की त्यांनी माती पुरली आणि सोने काढले.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. आरंभीच सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग होते. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. हे गृहस्थ रेल्वेतून आलेले, गिरणीचा त्यांना कसलाच अनुभव नव्हता. तरी त्यांनी ती अशी चालविली, की नागपुरातील बेझनबाग ही वस्ती आजही त्यांचे नाव सांगते. सूत कातण्याच्या रिंग यंत्राचा प्रयोग हिंदुस्थानात ज्या गिरण्यांनी अगदी प्रथम केला, त्यांत एम्प्रेस पुढे होती. आमच्या काकांचे रिंग खाते त्याच परंपरेतले. आग विझविणारे आपोआप सुटणारे फवारे आणि हवेत दमटपणा राखणारी यंत्रे तेथे फार लवकर बसली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. या गोष्टी कायद्याने मालकावर बंधनकारक होण्यास त्यानंतर कित्येक वर्षे लागली.

येथे कोणी असे समजू नये, की तो रामराज्याचा काळ होता. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून तेथील विणकरांनी काम थांबविले आणि हिंदी गिरणी-कामगारांच्या संपांच्या इतिहासात पहिला म्हणून बहुधा याच संपाचे नाव घेतले जाते. गावातला माणूस भोंग्याच्या वेळेला बांधून घ्यावयास तयार नव्हता. शेकडा वीसपर्यंत मजूर रोज गैरहजर राहत. त्यावर दंडाऐवजी बक्षिसांचा उपाय योजून माणूस टिकविला गेला, ही जमशेटजींची हुशारी. धर्मबुद्धी आणि हिशेब यांतील कोणती किती होती हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. काका म्हणत, "पगार वेळेवर होत असे आणि भोंगा चुकत नसे. आम्हांला एवढे पुरे होते." भोंग्यावर साऱ्या भागाची घड्याळे लागत, मुले शाळेला निघत, बायका तवा चुलीवर ठेवीत.

नागपूरच्या या गिरणीचा आपल्या छत्तीसगढाशी एक धागा आहे. तो फारसा कोणाच्या लक्षात नसतो. पोलादाचा कारखाना काढण्याच्या ध्यासाने विसाव्या शतकाच्या आरंभी जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी खनिजाच्या शोधात फिरत होते. नागपुरात एका अधिकाऱ्याची भेट होण्यास अवकाश होता म्हणून ते सहज तेथील संग्रहालयात शिरले आणि भिंतीवरच्या भूगर्भीय नकाशात दुर्ग भागावर लोहखनिजाचा गडद रंग त्यांना दिसला. प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाने त्या खनिजाची नोंद पूर्वीच करून ठेवली होती. दोराबजी दल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत येऊन गेले. खनिज उत्तम, पण जवळ योग्य कोळसा नि पुरेसे पाणी नाही, म्हणून कारखाना शेवटी पूर्वेस गेला. तेच डोंगर पन्नास वर्षांनी भिलाईच्या कामी आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भिलाईच्या नोकरीसाठी नागपूर-वर्धा-अमरावतीकडून जी मराठी कुटुंबे आली, त्यांतील किती तरी आज आपल्या मंडळाची सभासद आहेत. म्हणजे एका परीने आपण सारे त्या संग्रहालयाच्या भिंतीवरील नकाशामुळे येथे आहोत.

गिरणीचा उतार सावकाश आला. जुनी यंत्रे, यंत्रमागाच्या कापडाची स्पर्धा, नव्या धाग्यांची चढाओढ, देशातील सर्व जुन्या गिरण्यांना जे दुखणे लागले तेच हिलाही लागले. १९८६ साली टाटांचे व्यवस्थापन संपले, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने गिरणी चालवावयास घेतली आणि २००२ साली ती कायमची बंद झाली. आपल्या शेजारी राजनांदगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या बंगाल-नागपूर कॉटन मिल्सचेही पुढे तेच झाले. १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली छत्तीस दिवसांचा संप झाला ती हीच गिरणी. भोंगा बंद पडल्यावर पहिल्या सकाळी काका नेहमीच्या वेळी उठून बसले होते. त्यांनी डबा मागितला नाही, काकूंनी विचारले नाही. यापलीकडे त्या दिवसाविषयी ते कधी बोलले नाहीत. देण्या-घेण्याच्या हिशेबासाठी पुढे किती खेटे घालावे लागले हे मात्र ते सविस्तर सांगत, आणि त्यात कडवटपणापेक्षा थकवा अधिक असे.

जमीन खासगी विकसकाकडे गेली. पडझड झाली, नवे बांधकाम उभे राहिले, त्यात राहण्याच्या उंच इमारती आल्या आणि मॉल आला. नाव मात्र जुनेच ठेवले. एम्प्रेस. जी राणी १९०१ साली वारली, तिच्या पदवीचे नाव एकविसाव्या शतकातील बाजाराला शोभून दिसते असे कोणाला तरी वाटले. अशा नावांची गंमत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या मंडईची भव्य इमारत १८८६ साली पुरी झाली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला ज्योतीराव फुले यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. आणि पुढे नगरपालिकेत आचार्य अत्रे असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. इमारती बोलत नाहीत म्हणून बरे.

मॉल ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याची हकीकतही अशीच उलटसुलट आहे. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुकार १९३८ साली नाझींमुळे अमेरिकेस गेला. १९५६ साली मिनेसोटातील एडिना येथे त्याने साउथडेल हे पूर्णतः छताखालचे, वातानुकूलित बाजार-केंद्र उभारले. घरे, शाळा, दवाखाने आणि मध्ये बाजार, असा गावाचा चौक त्याच्या मनात होता. प्रत्यक्षात चौक गळाला आणि बाजार तेवढा उरला. म्हातारपणी तो व्हिएन्नास परतला आणि या अपत्याचे पितृत्व आपण घेत नाही असे सांगू लागला.

गिरणी एकशे पंचवीस वर्षे चालली. मॉलचा बहर पुरी दहा वर्षेही टिकला नाही. २०१९ साली बँकांच्या कर्जासंबंधीच्या एका प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने या मॉलवर टाच आणली; मालमत्तेची किंमत सुमारे ४८३ कोटी रुपये सांगितली गेली. पाठोपाठ २०२० सालची महामारी आली. लोक घरबसल्या मोबाइलवर खरेदी करू लागले आणि पुष्कळांची सवय तशीच राहिली. आम्ही त्यानंतर एकदा गेलो तेव्हा कितीएक गाळ्यांची शटरे खाली होती. ज्या चौकात मुले धावत तेथे आमच्याच पावलांचा आवाज ऐकू आला. ही एकट्या नागपूरची कथा नव्हे. नाइट फ्रँक या संस्थेने २०२३ साली देशातील आठ महानगरांत चौसष्ट बाजार-केंद्रे ओस पडल्याचे नोंदविले होते. आधीच्या वर्षी ती सत्तावन्न होती. त्या आठांत नागपूर नाही आणि रायपूरही नाही. आपली ओस पडलेली दुकाने आपण स्वतःच मोजावयाची.

नव्या रायपुरात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना या गोष्टीचा विचार अधिक करावा लागतो. येथे सहा-सहा पदरी रस्ते आहेत, तलाव आहेत, शासकीय भवने आहेत. जुना बाजार नाही. रायपुरात ग्रेट ईस्टर्न रोडवर मॉल झाले, त्यांतील एकाने तर छत्तीसगढाचा छत्तीस हा आकडाच नावात घेतला आणि आमच्या मुलांच्या वाढदिवसाच्या आठवणी नागपूरऐवजी तेथे गुंतल्या. उद्या या सेक्टरांच्या मधोमध काय उभे राहील, याचे नकाशे कोठे तरी तयार होतच असतील. नकाशा काढणाराने एकदा जुम्मा तलावाकाठी जाऊन यावे असे आम्हांस वाटते. दलदल, गिरणी आणि मॉल एकाच जमिनीवर एकामागून एक कसे येतात हे तेथे फार थोड्या वेळात पाहावयास मिळते.

आणि तरीही आम्हांस त्या मॉलचा राग येत नाही. राग यावा असे काकांनाच अधिक कारण होते. नात्यातील सुशिक्षित तरुण, गिरणी पाडून दुकाने काढली म्हणून तावातावाने बोलू लागले, की ते ऐकून घेत आणि मग विचारीत, "तिथे आता किती पोरे कामाला असतील?" कोणालाच आकडा सांगता येत नसे. पगार किती, पाळी किती तासांची, उभे राहूनच काम करावे लागते का, फंड कापतात का, हे त्यांचे प्रश्न. बुटांच्या दुकानातल्या त्या मुलाला त्यांनी नंतरच्या एका भेटीत हे सारे विचारलेही होते. मुलगा संकोचला, पण त्याने उत्तरे दिली. बारा तास, उभ्यानेच, फंड नाही. काकांनी त्याला १८८६ सालच्या निधीची गोष्ट सांगितली. त्याला ती खरी वाटली नसावी, कारण तो हसला.

पुढच्या खेपेस ते दुकान बंद होते. काकांनी शेजारच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा मुलगा काम शोधावयास पुण्याकडे गेल्याचे कळले. काका पुन्हा त्या मोजलेल्या जागेवर जाऊन थोडा वेळ उभे राहिले. आता तेथे बोललेले स्पष्ट ऐकू येत होते. त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "दुसऱ्या पाळीची वेळ झाली. चला, इतवारीला जायचे तर आत्ताच निघू, नाही तर रात्रीची गाडी चुकेल."